माळा भाडेकरूचा, स्लॅब मालकाचा

राव, हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? संगणकाची भाषा म्हणजे कुठल्या तरी विद्वानानं एकदा बसून लिहिलेली, शिक्का मारून बंद केलेली आणि आपण मुकाट्यानं शिकायची गोष्ट, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं अजिबात नसतं! भाषेवर उभं राहिलेलं एखादं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, एवढं चालतं, एवढ्या लोकांच्या हाताला बसतं, की शेवटी भाषेलाच त्याच्याकडे बघून स्वतःत बदल करावे लागतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रुबी ही भाषा आणि रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क घ्या. मी सध्या त्यातच बुडालोय. घरचे वैतागलेत.

आमच्या पन्हाळ्यावरच्या घरातल्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आमचा गडही आहे, तेव्हापासून फोन जरा जास्तच वाजतो. आईच्या वहीतलं बुकिंग वेबवर आणायचं ठरलं. पुण्यात नोकरीला असलेला आत्येभाऊ, आमचा दादा, म्हणाला, रेल्स शिक, पावसाळ्यात तुला दुसरं काम काय आहे? बरोबरच होतं त्याचं. जुलैत गडावर ढग उतरले की तीन दरवाजाही दहा पावलांवरून दिसत नाही, मग गिऱ्हाईक कुठलं दिसणार.

तर रेल्सच्या कन्सोलमध्ये मी इंग्रजीत टाइप केलं, ‘३.डेज.अगो’. म्हणजे तीन दिवसांपूर्वी. आणि समोर तारीख हजर! आकड्यापुढे टिंब, पुढे दिवस, पुढे ‘पूर्वी’. मी उडालोच. आकड्याला दिवस कळतात? मग हौसेनं रेल्स बंद करून नुसती रुबी उघडली, तेच टाइप केलं. रुबी म्हणाली, आकड्याकडे ‘डेज’ नावाची मेथडच नाही, म्हणजे त्याला हे काम सांगताच येत नाही.

दादाला फोन लावला. “दादा, रुबी बिघडली काय?”

“बिघडतीय कशाला? ते रुबीचं नाहीच. रेल्सनं घातलंय.”

“कशात घातलंय?”

“आकड्यात. रुबीच्या आकड्यात.”

“भाषेच्या आकड्यात बाहेरचा माणूस काही घालू शकतो?”

“रुबीत घालू शकतो. म्हणून तर रेल्स रुबीत झालं.”

फोन ठेवला आणि ते करून बघितल्याशिवाय मला राहवेना. रुबीत आधीपासून असलेला कुठलाही क्लास तुम्ही पुन्हा उघडू शकता, अगदी पूर्णांकांचासुद्धा. मी तो उघडला आणि त्यात ‘दिवस’ नावाची मेथड घातली. ती आकड्याला ८६,४०० नं गुणते, दिवसाचे तेवढे सेकंद. आणखी एक घातली, ‘नंतर’. ती आत्ताच्या वेळेत तेवढे सेकंद मिळवते. देवनागरीत नावं दिली तर चालतात का? बिनतक्रार चालतात! मग ऐटीत लिहिलं, ‘३.दिवस.नंतर’. आणि रुबीनं तक्रार केली. तक्रार मोठी मजेशीर होती. ‘दिवस’बद्दल तिला काहीच म्हणायचं नव्हतं, ‘३’ नावाचं व्हेरिएबल किंवा मेथड मला माहीत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे देवनागरी ३ हा रुबीच्या लेखी अंकच नाही, ते एक नाव आहे! ठीक, नाव तर नाव. मी ‘३’ नावाची मेथड लिहिली, तिचं उत्तर इंग्रजी आकड्यातलं तीन. आणि मग ‘३.दिवस.नंतर’ अख्खं देवनागरीत चाललं. तीन दिवसांनंतरची तारीख, तास-मिनिटांसकट. नाद खुळा! आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, कॅलेंडरात दिसतं की.

तर मूळ गोष्ट. रुबी लिहिली युकिहिरो मात्सुमोतो यांनी, सगळं जग त्यांना मात्झ म्हणतं. २४ फेब्रुवारी १९९३ हा रुबीचा जन्मदिवस मानतात, आणि डिसेंबर १९९५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मात्झ राहतात मात्सुए नावाच्या शहरात. टोकियो नाही, ओसाका नाही, जपानच्या पश्चिमेकडचं शिमाने प्रांतातलं एक मध्यम शहर, आणि त्याची ओळख काय, तर १६११ साली पुरा झालेला किल्ला! तो अजून मूळ लाकडी बुरुजासकट उभा आहे. किल्ल्याच्या गावात बसून एक माणूस भाषा लिहितो आणि जग ती वापरतं, हे वाचून गडावर राहणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, ते मी सांगत बसत नाही.

पण पहिली काही वर्षं रुबी जपानाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. २००० साली डेव्ह थॉमस आणि अँडी हंट यांचं इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा कुठं थोडी कुजबुज सुरू झाली. खरा धमाका २००४ च्या जुलैत झाला. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डेन्मार्कच्या तरुणानं थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीसाठी बेसकॅम्प नावाचं काम-नियोजनाचं सॉफ्टवेअर रुबीत लिहिलं होतं. त्यातला पुन्हा पुन्हा लागणारा भाग त्यानं वेगळा काढला आणि फुकट वाटला. तेच रेल्स. पुढे गिटहब त्यावर उभं राहिलं, शॉपिफाय उभं राहिलं, एअरबीएनबी उभं राहिलं. रुबी शिकणारे बहुतेक जण रेल्ससाठीच रुबी शिकू लागले. इथूनच गंमत सुरू होते.

भाड्यानं राहणारं एखादं कुटुंब सामान मावेना म्हणून स्वतःच्या खर्चानं खोलीत लाकडी माळा घालतं. शेजारचा भाडेकरू बघतो, तोही घालतो. बघता बघता चाळीत सगळीकडे माळे. मग एक दिवस मालक म्हणतो, मीच सगळ्या खोल्यांना स्लॅबचा माळा घालून देतो. भाडेकरू आपल्या फळ्या उतरवतो. रेल्स आणि रुबीचं हेच झालं, आणि एकदा नाही, वीस वर्षं होतच राहिलं.

पुरावा हवा? यादीतल्या प्रत्येक माणसाचं नाव काढायचं असेल, तर रेल्सवाले लूप न लिहिता एक आखूड खूण वापरायचे, ‘मॅप’च्या कंसात ‘अँड’चं चिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं आणि मेथडचं नाव, बास. ही सोय मुळात भाषेत नव्हती. लोकांना तिची एवढी चटक लागली की २००८ च्या रुबी १.८.७ मध्ये ती भाषेचीच झाली. हॅश म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्यांची यादी, तिच्यातली ठराविक खाती तेवढीच उचलणारी ‘स्लाइस’ रेल्समध्ये होती, २०१७ च्या रुबी २.५ मध्ये आली. ठराविक खाती वगळणारी ‘एक्सेप्ट’ रेल्समध्ये होती, रुबी ३.० मध्ये आली, तेव्हा २०२० उजाडलं होतं! एका क्लासपासून थेट निघालेले क्लास सांगणारी ‘सबक्लासेस’ आली रुबी ३.१ मध्ये, २०२१ साली. आणि दर वेळी रेल्सवाले काय करतात माहीत आहे? जुनी रुबी वापरणारे कमी झाले की आपल्याकडची ती फाइल काढून टाकतात. फळ्या उतरवल्या!

पण थांबा, मला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. मालक माळा घालतो, तो भाडेकरूच्या मापानं नाही. स्वतःच्या मापानं.

‘सम’ घ्या, बेरीज. रेल्समध्ये ती पहिल्या काही वर्षांपासून होती. रुबीत २.४ मध्ये आली, २०१६ च्या नाताळात. आता रुबीत ०.१ दहा वेळा एकात एक मिळवत जा, साध्या पद्धतीनं. उत्तर एक येत नाही! ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, कारण संगणकाला ०.१ नेमका लिहिताच येत नाही आणि प्रत्येक बेरजेत चिमूटभर सांडतं. रुबीनं ‘सम’ घेताना नुसतं नाव उचललं नाही, सांडलेली चिमूट बाजूला जमवून शेवटी हिशेबात धरायची काहान-बाबुश्का ही रीत आत बसवली. उत्तर १.०. मी दोन्ही करून बघितलं, दोन्ही उत्तरं एकाखाली एक पडली. आणि वर रुबी म्हणाली, ‘सम’ शून्यापासून सुरू होणार, म्हणजे शब्द जोडायला ती वापरायची तर सुरुवात काय ते तुम्ही सांगा. रेल्समध्ये शब्दांची यादीही बिनदिक्कत जोडली जायची. मग कोण नमलं? रेल्स! ७.० मध्ये त्यांनी जुन्या सवयीबद्दल इशारे द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या आवृत्तीत रुबीचाच नियम मानला. सोय फ्रेमवर्कनं दिली, शिस्त भाषेनं लावली. हे मला जाम आवडलं.

‘ट्राय’चं तर आणखी भारी. समजा बुकिंग आहे, त्याला गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाइकाला पत्ता आहे, पत्त्याला गाव आहे. मधलं एखादं रिकामं असलं की प्रोग्रॅम कोसळतो. रेल्सनं ‘ट्राय’ दिलं, म्हणजे विचारून तर बघ, नसेल तर रिकामं परत ये. लोक वाट्टेल तिथं ट्राय लावायला लागले. मात्झनी डिसेंबर २०१५ च्या रुबी २.३ मध्ये ही गरज मान्य केली, पण चिन्ह दिलं ‘&.’. ग्रूवीसारख्या भाषांत त्या जागी प्रश्नचिन्ह आणि टिंब असतं, पण रुबीत मेथडच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह चालतं, त्यामुळे घोळ झाला असता. मात्झ या चिन्हाला एकाकी ऑपरेटर म्हणतात. बघा ना नीट, कुणीतरी एकटंच गुडघे जवळ घेऊन बसलंय आणि समोरच्या टिंबाकडे टक लावून बघतंय! आणि अर्थही बदलला. रेल्सच्या ट्रायला तुम्ही नसलेल्या मेथडचं नाव दिलं, तरी तो गप्प रिकामा परत यायचा, म्हणजे तुमची स्पेलिंगची चूकही गिळून टाकायचा. रुबीचं ‘&.’ फक्त रिकामेपणा माफ करतं, चूक नाही. माझ्या मते ही रेल्सपेक्षा सरस सोय आहे, आणि ती रेल्समुळेच सुचली असावी. एकट्या रेल्सला श्रेय देऊ नये, इतर भाषांत ही कल्पना होती. पण रुबीत तिची भूक कुणी वाढवली, हे उघड आहे.

आणि नाकारलं काय? तर मी ज्याच्यावर भुललो तेच! ‘३.डेज’ आजही रुबीत नाही. रिकामी जागा, रिकामी यादी, रिकामं काहीच, सगळं एका दमात तपासणारं ‘ब्लँक’ रेल्सवाले श्वासासारखं वापरतात, तेही रुबीत नाही. २०२१ मध्ये ‘सबक्लासेस’सोबत ‘डिसेंडंट्स’ ही मेथडही घेतली होती, मुलांसोबत नातवंडंही सांगणारी. चाचणी आवृत्तीत ती होती आणि अंतिम रुबी ३.१ येण्याआधी काढली! मला आधी राग आला. नंतर पटलं. वेबपानाला ‘तीन दिवसांपूर्वी’ लागतं, पण रुबीत कुणी साखर कारखान्याचं वजन मोजेल, कुणी संगीत लिहील. प्रत्येकाच्या आकड्याला दिवस कशाला चिकटवायचे?

कारखान्यावरून आठवलं. आमच्या पन्हाळा तालुक्यातच वारणानगर आहे. १९९८ मध्ये तिथं वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला, वारणेच्या सहकारी पसाऱ्यातली सत्तरेक गावं संगणकानं जोडायची होती. लहानपणी मी पहिला संगणक पाहिला तो त्यातल्याच एका केंद्रात, वडील उसाच्या वजनाची चौकशी करायला गेले तेव्हा. वाटायचं, ही पेटी वरून ठरवून आलेली आहे, आपण फक्त बघायचं. असो.

मेथडींची देवाणघेवाण वरवरची म्हणाल, तर पोटातलं ऐका. रेल्स कुठल्याही क्लासच्या आत शिरून त्याची मेथड झाकायचं, जुनी दुसऱ्या नावानं ठेवायचं, नवी पुढे करायचं. ही साखळी लांबली की कोण कुणाला बोलावतंय हेच कळेना. रुबी २.० मध्ये याला ‘प्रीपेंड’ हा स्वच्छ मार्ग आला. ती आवृत्ती आली २४ फेब्रुवारी २०१३ ला, रुबीच्या विसाव्या वाढदिवशी! रेल्स ५.१ पर्यंत ती जुनी साखळी रेल्समधून हद्दपार झाली.

दुसरं, मेमरी. रुबीत सिम्बॉल नावाची छोटी नावं असतात, आणि ती एकदा तयार झाली की पूर्वी कधीच मिटायची नाहीत. आपल्यापुरतं ठीक. पण वेबवर बाहेरचा माणूस फॉर्ममधून काहीही नावं पाठवणार, ती सिम्बॉल झाली की सर्व्हरची मेमरी भरत जाणार. खोडसाळ माणसाला आयतं कुरण! २०१४ च्या रुबी २.२ नं वापरात नसलेले सिम्बॉल झाडून काढायला सुरुवात केली, आणि रेल्स ५ नं लगेच अट घातली की रुबी २.२.२ किंवा त्यापुढची हवी. भाषेनं दुखणं काढलं आणि फ्रेमवर्कनं सगळ्यांना ढकलत नव्या रुबीवर आणलं.

तिसरं, बंडलर. कुठल्या प्रकल्पाला कुठली जेम, म्हणजे वाटून वापरायचं रुबी कोडचं गाठोडं, कुठल्या आवृत्तीची लागते हे सांभाळणारं हे हत्यार रेल्स ३ च्या गडबडीत घडलं. २०१८ पासून ते रुबीसोबतच मिळतं.

आणि वेग! इथं तर सिनेमाच आहे. २०१५ मध्ये मात्झनी जाहीर केलं की रुबी ३ ही रुबी २ च्या तिप्पट वेगवान करायची. मोजायला काय धरलं? ऑप्टकॅरट, म्हणजे जुन्या निन्टेंडो खेळयंत्राची रुबीत लिहिलेली नक्कल. रुबी २.६ मध्ये एमजिट आलं, ते चालता चालता कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करायचं. खेळ पळायला लागला! आणि रेल्स? रेल्सचा त्यानं उलट खोळंबा व्हायचा. खेळात तेच ते थोडं कोड पुन्हा पुन्हा फिरतं, रेल्समध्ये हजारो छोट्या मेथडी, प्रत्येक थोडी थोडी. रुबी ३.० जाहीर करताना स्वतः रुबीवाल्यांनीच सांगितलं की रेल्ससारख्या कामाला हे अजून तयार नाही. मग शॉपिफायनं हात घातला. ज्यांचं अख्खं दुकान रेल्सवर, त्यांना खेळाशी काय देणंघेणं! मॅक्सिम शेव्हालिए-बॉइव्हेर आणि त्यांच्या चमूनं वायजिट लिहिलं, आणि त्याची परीक्षा रेल्ससारख्या खऱ्या कामावर घेतली. २०२१ च्या रुबी ३.१ मध्ये ते भाषेत आलं, पुढच्या वर्षी रस्ट भाषेत नव्यानं लिहून. २०२४ च्या रेल्स ७.२ पासून नवी रुबी असेल तर ते आपोआप चालू होतं. म्हणजे बघा, भाषेचं इंजिन कुठल्या रस्त्यावर पळेल असं बनवायचं, हेच भाषेवर चालणाऱ्या दुकानानं ठरवलं!

माणसंही अशीच मिसळलीत. एरन पॅटरसन रेल्सच्या मुख्य चमूत आहेत आणि रुबीच्याही, रुबी २.७ मध्ये मेमरी दाबून बसवण्याची सोय त्यांनी घातली. आणि २०११ मध्ये खुद्द मात्झना नोकरी दिली हेरोकूनं, ज्यांचा धंदाच तेव्हा लोकांची रेल्सची कामं आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचा होता. भाषेच्या कर्त्याचा पगार कुठून येतो, हे बघितलं की भाषेचा कल कळतो. यात वाईट काही नाही, पण डोळे मिटून घेण्यासारखंही नाही. रुबीत वेबखेरीज दुसरं काही फार घडत नाही, ही रेल्सशी असलेल्या याच जवळिकीची किंमत आहे असं मला वाटतं.

आमच्याकडचं सांगायचं तर पुणं या सगळ्यात मागे नव्हतं. जोश सॉफ्टवेअर ही रुबीवर चालणारी कंपनी २००७ पासून तिथं आहे, आणि भारतातली रुबीची परिषद २०१२ आणि २०१३ मध्ये पुण्यात भरली, मग दोन वर्षं गोव्यात. दादा त्यातल्या एकीला गेला होता. तेव्हा तो घरी येऊन तावातावानं बोलत होता आणि मी तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करत होतो. ऐकायला हवं होतं.

शेवटचं एक, ‘पन्हाळा’ या शब्दावरून. आपल्या हिशेबानं अक्षरं तीन. रुबी १.८ ला लांबी विचारली असती तर तिनं बाइट मोजून एकवीस सांगितले असते. रेल्सनं स्वतःची जादा सोय घालून सात केले, प, न, हलन्त, ह, काना, ळ, काना. मग १.९ पासून रुबी स्वतःच सात म्हणू लागली, आणि २.० पासून यूटीएफ-८ हीच गृहीत धरली. १.९ चं श्रेय रेल्सला देणं चूक होईल, जपान्यांना स्वतःच्याच लिपीच्या पायी ते हवं होतं. पण शब्द उलटा करायला सांगा, सुरुवातीला काना एकटाच लोंबकळतो. सात तुकडे उलटे होतात, तीन अक्षरं नाहीत. २.५ मध्ये अक्षरगट वेगळे करणारी मेथड आली आहे, ती वापरून काही अंशी मार्ग निघतो.

आता तुम्हाला सांगणं एवढंच. रुबी फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि तिच्यात काय असावं याची सूचना जगातला कुणीही माणूस तिच्या नोंदवहीत मांडू शकतो. मोठी माणसं त्यावर उघड्यावर वाद घालतात आणि शेवटी मात्झ हो किंवा नाही म्हणतात. नवी मोठी आवृत्ती दर २५ डिसेंबरला येते. मराठी मजकुरावर काम करताना तुम्हाला एखादी सोय पुन्हा पुन्हा स्वतः लिहावी लागत असेल, तर ती आधी जेम करून वाटा, लोकांना वापरू द्या, आणि मग ती सूचना बिनधास्त टाका.